जोडीदाराची बायपास होते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे, किंवा ऑपरेशन होऊन पेशंट नुकताच घरी आला आहे, अशांशी मला आज बोलायचंय. पेशंटशी नाही. पेशंटशी बोलायला सर्जन असतात, भूलतज्ज्ञ असतात, फिजिओथेरपिस्ट असतात, शिवाय भेटायला येणारा प्रत्येक जण असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला तीनच वाक्यं येतात : इथे सही करा, बाहेर थांबा, ही औषधं घेऊन या.

मी डॉक्टर नाही. माझ्या बायकोची बायपास झाली तेव्हा मी त्या बाहेर थांबणाऱ्यांत होतो. तेव्हा आजचं बोलणं हे बाहेरच्या खुर्चीवरून दिसलेलं आहे, आणि त्यानंतर विचारून, वाचून पक्कं करून घेतलेलं.

आधी त्या थांबण्याविषयी. बायपासला साधारण तीन ते सहा तास लागतात. पण हा हिशोब ऑपरेशनचा असतो. त्याआधी भूल देणं, नळ्या घालणं, आणि टाके घालून झाल्यावर पेशंटला आयसीयूत नेऊन स्थिरस्थावर करणं, याचा वेळ वेगळा. ‘चार तास’ सांगितले आणि साडेपाच झाले, तर लगेच काहीतरी बिनसलं असं धरून चालू नका. आदल्या दिवशी एक गोष्ट मात्र विचारून ठेवा : झाल्यावर आम्हाला कोण सांगणार आणि आम्ही नेमकं कुठे थांबायचं? आणि नातेवाइकांचे फोन घ्यायला घरातलं एक माणूस नेमा. ते माणूस तुम्ही नसावं. ‘अजून नाही’ हेच उत्तर पुन्हा पुन्हा देताना माणूस जितका खचतो, तितका नुसतं वाट पाहताना खचत नाही.

आत काय चाललेलं असतं? पायातली शीर किंवा छातीच्या आतल्या बाजूची रोहिणी घेऊन, बंद पडलेल्या जागेच्या पुढे रक्ताला नवी वाट करून देतात. काही वेळा हे धडधडत्या हृदयावरच करतात. पुष्कळदा हृदय काही काळ थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त फिरवायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा, हे काम हार्ट-लंग मशीन करतं. या मशीनचा इतिहास आपल्या विषयाला धरूनच आहे. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन या सर्जननी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. सव्वीस मिनिटं तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम पूर्णपणे यंत्रानं सांभाळलं, आणि ती मुलगी बरी झाली. त्या यंत्रामागे दोन दशकांची खटपट होती, आणि सुरुवातीपासून प्रयोगशाळेत गिबन यांच्या बरोबरीनं राबत होत्या त्यांच्या पत्नी मेरी. तेव्हा या ऑपरेशनमध्ये जोडीदाराचा वाटा अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे म्हणायला हरकत नाही.

आता आयसीयू. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण तिथलं पहिलं दर्शन कुणीही आधी सांगितलेलं नसतं. चेहरा सुजलेला असतो, रंग उतरलेला, हात गार. तोंडात व्हेंटिलेटरची नळी असते, ती गालाला चिकटपट्टीनं धरलेली. छातीखालून नळ्या बाहेर येतात आणि त्यांतून लालसर द्रव बाटलीत जमत असतो. मानेत एक सुई, मनगटात एक, लघवीची नळी वेगळी. हे सगळं अपेक्षित असतं. यातलं काहीही बिघडल्याची खूण नाही. मशीन वाजतं तेव्हा आपल्या काळजात चर्र होतं, पण पुष्कळदा बोटाला लावलेला चिमटा सरकलेला असतो एवढंच. मी मशीनकडे बघायचं सोडून नर्सच्या चेहऱ्याकडे बघायला लागलो. ती शांत असेल तर आपण शांत.

नळी आहे तोवर पेशंटला बोलता येत नाही. पण अर्धवट शुद्धीत ऐकू येत असतं. म्हणून ‘कसं वाटतंय?’ असं विचारू नका, त्याला उत्तर देण्याचा मार्गच नाही. ‘दुखतंय का? दुखत असेल तर माझं बोट दाब.’ असे हो-नाहीचे प्रश्न. आणि प्रत्येक वेळी साध्या तीन गोष्टी सांगा : मी इथे आहे, ऑपरेशन झालं, आज अमुक वार. नळी सहसा काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काढतात.

त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत एखाद्या पेशंटला भ्रम होतो, विशेषतः वय जास्त असेल तर. भिंतीवर किडे दिसतात, नर्सवर संशय येतो, ‘मला घरी ने’ म्हणून नळ्या ओढल्या जातात. आपलं माणूस कायमचं बदललं की काय, या विचारानं हातपाय गळतात. बहुतेकांचा हा भ्रम काही दिवसांत ओसरतो. त्यावर वाद घालू नका. डॉक्टरांना सांगा, आणि पेशंटचा चष्मा, ऐकण्याचं यंत्र, समोर दिसेल असं घड्याळ, एवढं मागून घ्या. दिवस-रात्र कळली आणि ओळखीचा आवाज कानावर पडला की पुष्कळ फरक पडतो.

नुसतं जाऊन बसण्यानं काय होतं, असं कुणी म्हणेल. १९८९ मध्ये जेम्स कुलिक आणि हाइक मालर या संशोधकांनी बायपास झालेल्या विवाहित पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या बायका जास्त वेळा भेटायला येत होत्या, त्यांना वेदनाशामक औषधं कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. त्याहून लांब पल्ल्याचा अभ्यास रॉचेस्टर विद्यापीठाचा, २०१२ सालचा. बायपास झालेल्या सव्वादोनशे माणसांचा पंधरा वर्षं माग ठेवला होता. संसारात समाधानी असलेली माणसं जास्त संख्येनं जिवंत राहिली. त्यातली मेख अशी, की पुरुषांना लग्न झालेलं असण्याचाच बराचसा फायदा झाला. बायकांना मात्र लग्न चांगलं असावं लागलं. नवरे मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा आठवावं.

घरी आल्यावर खरी परीक्षा छातीच्या हाडाची. ते मधोमध कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. हात मोडला तर प्लास्टर घालून गप्प ठेवता येतो. छाती श्वासागणिक हलतेच. हाड बऱ्यापैकी जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं घट्ट व्हायला तीन महिनेही लागू शकतात. तोवर साधारण चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही. पाण्यानं भरलेली बादली ही मर्यादा सहज ओलांडते.

पलंगावरून उठणं शिकून घ्या, दोघांनीही. आपला हात पुढे जातो तो पेशंटचा हात धरून ओढायला, आणि नेमकं तेच करायचं नसतं. पेशंटनं उशी छातीशी कवटाळायची, गुडघे वाकवायचे, अख्खं अंग एका कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि पायांच्या वजनानं धड वर येऊ द्यायचं. आपला हात फक्त पाठीमागे, खांद्याच्या खाली. हिला सुरुवातीला त्या हाताचा राग यायचा. ‘अहो, धरू नका, नुसते उभे राहा,’ असं तिनं मला बजावलं होतं. खोकला आला तरी तीच उशी : घट्ट दाबायची आणि मग खोकायचं. खोकला दाबून ठेवायचा नाही, कफ साठला तर फुप्फुसाला ते महागात पडतं. दवाखान्यातून श्वासाच्या व्यायामासाठी आत हलके चेंडू असलेलं छोटं यंत्र देतात, ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून ते चेंडू वर न्यायचे असतात. हेही कित्येक घरांत उलटंच चालतं.

पेशंट जर घरातली बाई असेल तर आणखी एक धोका असतो. ती चालू लागली की घराला वाटतं झाली बरी. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिचा हात आपोआप जातो, आणि कुणी अडवत नाही कारण तो हात रोजच तिथे जात आलेला असतो. यावर सूचना देत बसू नका. ती घरी येण्याआधी फळ्या रिकाम्या करून लागणाऱ्या वस्तू कंबरेच्या उंचीवर आणून ठेवा.

मनाचं दुखणं टाक्यांपेक्षा चिवट. रडू येतं, झोप लागत नाही, भूक नसते, बारीकसारीक गोष्टी विसरायला होतं. आणि चिडचिड होते, ती बरोबर तुमच्यावर. परक्यावर चिडणार कसं? पहिले काही दिवस हे चालायचंच. पण दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, कशातच रस उरला नसेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बायपासनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार असतात. ‘मन घट्ट कर’ हा त्यातला उपचार नाही.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. काही आठवड्यांनी एक वेळ अशी येते, की पेशंटची भीती कमी होते आणि आपली होत नाही. तो जिना चढला की आपण खाली उभे. तिला आंघोळीला दोन मिनिटं जास्त लागली की दारावर थाप. रात्री श्वास चालू आहे ना, म्हणून कान लावून ऐकायचं. याला आपण काळजी म्हणतो, पण पेशंटला त्यातून एकच निरोप मिळतो : तुझ्या हृदयाचा भरवसा नाही.

स्टॅनफर्डमध्ये १९८५ साली यावर फार सुंदर प्रयोग झाला. हार्ट अटॅकमधून सावरणारे तीस पुरुष घेतले. सर्वांची ट्रेडमिलवर चाचणी झाली. काहींच्या बायका बाहेर थांबल्या, काहींनी ती चाचणी पाहिली, आणि काहींनी पाहून झाल्यावर स्वतः तीन मिनिटं, नवऱ्यानं गाठलेल्या त्याच जोरावर, त्या पट्ट्यावर चालून पाहिलं. बाहेर बसलेल्या आणि नुसतं पाहिलेल्या बायकांचा विश्वास जेमतेमच राहिला. ज्या स्वतः चालल्या, त्यांना दम लागल्यावर कळलं की नवरा काय पेलू शकतो. ऑपरेशनचे पेशंट नव्हते ते, तरी मी हा प्रयोग दोघांच्या व्यायामाला लागू केला. फिरायला जाताना तिच्या मागे राहण्याऐवजी बरोबर चालू लागलो, तिच्या वेगानं. चढावर मलाच धाप लागली. त्या दिवसापासून माझ्या सूचना आपोआप कमी झाल्या.

शारीरिक संबंधांचा प्रश्न दोघांच्याही मनात असतो आणि कुणीच विचारत नाही. साधारणपणे दोन मजले न दमता, छातीत न दुखता चढता येत असतील, आणि हाड जुळून आलं असेल, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनंतर, तर बहुतेकांना हरकत नसते. छातीवर भार येणार नाही असं बघायचं. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून द्या. त्यांच्यासाठी हा रोजचा प्रश्न आहे.

फोन कधी करायचा, हे मात्र पाठ असू द्या. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला. जखम लाल झाली, त्यातून पू आला. हाडात कट्कन आवाज होतो किंवा ते सरकल्यासारखं वाटतं. एक-दोन दिवसांत वजन किलो-दीड किलोनं वाढलं, पाय सुजले. छातीत धडधड किंवा ठोके अनियमित. आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यांपैकी काही झालं तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ इमर्जन्सीत न्या. व्हॉल्व बदलला असेल आणि रक्त पातळ राहण्याची गोळी चालू असेल, तर रक्ततपासणीच्या तारखा चुकवू नका.

तुमची स्वतःची औषधं, तुमची झोप, यांना कुणी विचारणार नाही. ती तुम्हीच विचारा. आठवड्यातला एखादा पूर्ण दिवस दुसऱ्या माणसावर सोपवून बाहेर पडा. पेशंटलाही त्या दिवशी जरा मोकळं वाटतं.

फॉलोअपला दोघं आत जा, प्रश्न लिहून न्या. आणि डॉक्टरांनी ‘कसं वाटतंय?’ विचारलं की उत्तर पेशंटला देऊ द्या. आमच्या घरची ही जुनी तक्रार आहे. शेवटच्या भेटीत मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, ‘डॉक्टर, मी बरी आहे. ह्यांना विचारा.’

नमस्कार.