आठ सभा, चाळीस मतं

श्रोतेहो, नमस्कार. निवडणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे चहा गार होईपर्यंत चर्चा रंगते. आज मी बोलणार आहे ते पटावरच्या एका निवडणुकीबद्दल.

1986 साली पश्चिम जर्मनीत, म्युनिकच्या 'हान्स इम ग्ल्यूक' या प्रकाशनानं 'डी माखर' नावाचा खेळ बाजारात आणला. रचनाकार कार्ल-हाइन्त्स श्मील. प्रत्येक खेळाडू एकेक जर्मन पक्ष चालवतो. एकामागून एक सात राज्यांच्या निवडणुका होतात. डाव सहज चार तास चालतो. आणि एकाच वेळी चार राज्यांकडे लक्ष ठेवावं लागतं: एक आत्ता मतदानाला आलेलं, बाकीची रांगेत. आजच्या राज्यात सगळा पैसा ओतलात, तर पुढच्या राज्यात तुमची तिजोरी रिकामी.

मला या खेळाचा जीव त्याच्या मतमोजणीत दिसतो. मतं मिळवण्यासाठी सभा घ्याव्या लागतात. पण नुसत्या सभांनी मतं पडत नाहीत. त्या राज्यात पक्षाची हवा कशी आहे आणि तुमचा जाहीरनामा तिथल्या लोकांच्या मतांशी किती जुळतो, या दोन्हींची बेरीज करायची आणि तिनं सभांना गुणायचं. आठ सभा घेतल्या आणि बेरीज आली एक, तर मतं आठच. तीच बेरीज पाच आली, तर चाळीस! म्हणजे गर्दी जमवणं हा अर्धाच हिशेब. लोक ज्याच्या विरोधात आहेत तेच तुम्ही जाहीरनाम्यात धरून बसलात, तर सभांवर केलेला खर्च पाण्यात. मग खेळाडू काय करतो? जाहीरनामा बदलतो, नाहीतर प्रसारमाध्यमांवर पकड बसवून राज्यातलं जनमतच बदलायला निघतो. दोन्ही वाटा नियमांत आहेत, आणि कुठली धरायची हे प्रत्येकानं स्वतः ठरवायचं.

जनमत चाचणीचं तर ऐकाच. इथं तिचा लिलाव होतो. सगळ्यात मोठी बोली लावणारा अहवाल हातात घेतो. तो जाहीर केला, तर एखाद्या पक्षाची हवा चढते, दुसऱ्याची उतरते. सोयीचा नसेल, तर तो दाबून ठेवायचीही मुभा आहे. देणग्यांचंही तसंच. बाहेरून आलेला पैसा घेतला, तर तिजोरी भरते, पण पक्षाचे सभासद गळतात. नाकारला, तर सभासद वाढतात. शेवटच्या हिशेबात सभासदांनाही गुण आहेत, त्यामुळे हात पुढे करताना चांगलाच विचार करावा लागतो.

युतीही होते, पण दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यातले मुद्दे पुरेसे जुळले तरच. हा नियम मला फार आवडतो. ज्यांच्याशी उद्या हातमिळवणी करायची, त्यांच्या भूमिकेकडे आजच बघावं लागतं.

राज्य जिंकणाऱ्याला तिथलं जनमत राष्ट्रीय पटावर नेता येतं. तिथं जे मुद्दे स्थिरावतात, त्यांच्याशी तुमचा जाहीरनामा किती जुळतो, यावर अखेरीस पुन्हा गुण. म्हणून जागांच्या गणितात पुढे असलेला पक्षही शेवटच्या मोजणीत मागे पडू शकतो.

हा खेळ मिळाला, तर पहिल्या डावाला अख्खी दुपार मोकळी ठेवा, आणि एकाला नियम आधी नीट वाचून यायला सांगा. नमस्कार.