परदेशी पाहुणा आणि त्याची नोंद

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरला येणारा परदेशी माणूस आता अंबाबाईचं दर्शन घेऊन, पन्हाळा बघून लगेच परत जातोच असं नाही. कुणी शिवाजी विद्यापीठात शिकायला येतो, कुणी शिरोलीच्या कारखान्यात मशीन बसवून द्यायला. कुस्तीच्या मैदानासाठी आलेला परदेशी मल्ल तालमीत मुक्काम ठोकतो. अशा मुक्कामाच्या दोन वेगळ्या नोंदी असतात. एक ठेवून घेणाऱ्यानं करायची आणि दुसरी, लागू असेल तेव्हा, पाहुण्यानं स्वतः. पहिली राहिली की दुसरी अडते, आणि नेमकं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पहिली नोंद म्हणजे सी-फॉर्म. पाहुणा मुक्कामाला पोचल्यापासून २४ तासांत तो ऑनलाइन भरायचा. हा नियम फक्त हॉटेलांना लागू आहे, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. लॉज, धर्मशाळा, होमस्टे, वसतिगृह, कंपनीचं गेस्ट हाउस, दवाखाना आणि साधं राहतं घर, सगळ्यांना तो लागू आहे. राधानगरीकडे शेतघर भाड्यानं देणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली म्हणजे काम झालं, असंही नाही. ती पडताळणी वेगळी, सी-फॉर्म वेगळा.

सी-फॉर्मसाठी आधी मालकाला आपलं खातं उघडावं लागतं. संकेतस्थळ आहे, इंडियनएफआरआरओ डॉट जीओव्ही डॉट इन. खात्याला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्या जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. पाहुणा दारात आल्यावर खातं उघडायला बसलात, तर २४ तास मंजुरीची वाट बघण्यातच जातील. म्हणून खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात करतानाच खातं काढून ठेवा.

फॉर्म भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा, पाहुण्यानं चिठ्ठीवर लिहून दिलेल्या माहितीवर जाऊ नका. अमेरिकन माणूस तारखेत महिना आधी लिहितो. पाच जूनचा सहा मे व्हायला वेळ लागत नाही. फोटोच्या पानावर तळाशी दोन लांब ओळी छापलेल्या असतात. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांनंतर आधी आडनाव येतं, मग दोन टोकदार खुणा, मग नाव. खालची ओळ पासपोर्ट नंबरानं सुरू होते. इंग्रजी ओ आणि शून्य यांचा घोटाळा इथंच होतो, म्हणून नंबर दोनदा ताडून बघा. पुढं व्हिसाचा नंबर, प्रकार, मुदत, भारतात उतरल्याची तारीख आणि इथून पुढं कुठं जाणार, हेही भरायचं असतं. भरलेल्या फॉर्मची प्रत काढा आणि एक पाहुण्याला द्या. ती त्याला लागणार आहे.

आता दुसरी नोंद. ज्यांचा व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा आहे, असे विद्यार्थी, नोकरदार, संशोधक आणि उपचारांसाठी आलेले रुग्ण यांनी भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. हे १४ दिवस कोल्हापुरात पाय ठेवल्यापासून मोजायचे नाहीत. मुंबईच्या विमानतळावर शिक्का बसला, की मोजणी सुरू. मुलगा आठवडाभर पुण्यात मित्राकडे राहून इथं आला, तर त्याचे निम्मे दिवस संपलेले असतात. बारा वर्षांखालच्या मुलांना ही नोंदणी नाही. व्हिसावर नोंदणीबाबत काही शेरा आहे का, तेही वाचावं.

अर्ज ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी ऑनलाइन सेवेवर होतो. फोटो, पासपोर्टचं पान, व्हिसा आणि शिक्क्याचं पान, पत्त्याचा पुरावा. विद्यार्थ्याला संस्थेचं बोनाफाइड, नोकरदाराला कंपनीचा करार. पत्त्याच्या पुराव्यापाशी सी-फॉर्म विचारला जातो. घरमालकानं तो भरलेलाच नसेल, तर विद्यार्थ्याची नोंदणी तिथंच थांबते आणि उशिराचा भुर्दंड त्या पोराला बसतो, ज्याचा त्यात काडीचाही दोष नसतो. म्हणून घरमालकांना कळकळीची विनंती, हे टाळू नका. आणखी एक, अर्जात ईमेल विद्यार्थ्याचाच द्या. त्रुटी ईमेलवर कळवतात. एजंटाचा पत्ता दिला, की ती पत्रं कुणी उघडत नाही आणि अर्ज बंद होतो.

पर्यटकांच्या बाबतीत वेगळीच गफलत होते. ई-व्हिसा एक वर्षाचा असला, म्हणजे सलग वर्षभर राहता येतं असं नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना एका खेपेत १८० दिवस, बाकीच्या बहुतेकांना ९० दिवस. कागदावरची शेवटची तारीख आणि राहण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नेपाळ आणि भूतानचे लोक आपापल्या देशातून थेट आले असतील, तर त्यांना व्हिसा लागत नाही. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना आपलं सरकार देतं ते कार्ड, असलेल्या आपल्या नातेवाइकांना नोंदणीतून सूट आहे. मात्र कायद्याच्या नजरेत ते परदेशी नागरिकच, तेव्हा हॉटेलात उतरताना पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांच्या येण्या-राहण्याबाबतचे १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे जाऊन एकच नवा कायदा आला आहे. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुदतवाढ हवी असेल, तर मुदत संपण्याआधी अर्ज करा. मुदत उलटलीच असेल, तर तसंच विमानतळ गाठू नका; तिथं अडवतात, तिकिटाचे पैसे बुडतात. आधी ई-एफआरआरओवरून एक्झिट परमिट, म्हणजे देश सोडण्याची परवानगी घ्या. पासपोर्ट हरवला, तर प्रथम पोलीस ठाण्यात तक्रार, मग पाहुण्याच्या देशाच्या दूतावासाकडून नवा पासपोर्ट आणि त्यानंतर एक्झिट परमिटचा अर्ज, याच क्रमानं. व्हिसाच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असला, तर यातलं बरंच काम सोपं होतं. पाहुण्याला तो पहिल्याच दिवशी काढून ठेवायला सांगा.