थंबनेलमध्ये काय उरावं

मित्रहो, गावोगावच्या ग्रंथालयांतले जुने अंक, समूहफोटो, पोथ्यांची पानं स्कॅन करण्याचं काम तुमच्यापैकी बरेच जण करताहेत. स्कॅन आता सगळ्यांना जमतं. अडतं ते पुढे. वाचकाला यादी दाखवायची तर प्रत्येक पानाची छोटी प्रत, म्हणजे थंबनेल, लागते, आणि ती करायला माणसं एकेक फाइल उघडून, आकार बदलून, परत सेव्ह करत रात्री जागवतात. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हे काम एका ओळीत होतं. ती ओळ मी दाखवणार आहेच. पण ती आत नेमकं काय करते, यावर मी जास्त बोलणार आहे, कारण त्याच एका ओळीने हजार फाइली बिघडवताही येतात.

साधन आहे इमेजमॅजिक. जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपाँट कंपनीत असताना १९८७ साली ते लिहायला घेतलं आणि १९९० मध्ये ते सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. आज ते लिनक्स, मॅक, विंडोज सगळीकडे चालतं. सातव्या आवृत्तीपासून त्याची मुख्य कमांड ‘मॅजिक’ आहे. जुन्या पुस्तकांत ‘कन्व्हर्ट’ दिसेल. विंडोजवर ते नाव वापरू नका, तिथे त्याच नावाचा, डिस्कची रचना बदलणारा एक वेगळाच प्रोग्राम आधीपासून बसलेला असतो.

पडद्यावरची ओळ बघा. आधी मॅजिक, मग मूळ फाइलचं नाव, मग आडवी रेघ जोडून ‘थंबनेल’, त्यापुढे ३००×३००, शेवटी नव्या फाइलचं नाव. ३००×३०० याचा अर्थ ‘या चौकटीत मावेल एवढं कर’. लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडत नाही, ३:२ प्रमाणातला आडवा फोटो ३००×२०० होतो. पुढे उद्गारचिन्ह लावलंत तर मात्र प्रमाण न बघता चित्र चौकटीत ताणलं जातं, आणि माणसं जाडी-बुटकी दिसतात.

आता आत काय होतं ते. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६०००×४०००, दोन कोटी चाळीस लाख ठिपके. थंबनेल ३००×२००, म्हणजे साठ हजार. नव्या चित्रातला प्रत्येक ठिपका जुन्या चारशे ठिपक्यांच्या बदली उभा आहे. त्या चारशेंतला एक उचलून बाकीचे टाकून दिले, तर काम झटपट होतं. ‘सॅम्पल’ नावाचा पर्याय हेच करतो. पण छापील पानावर याचे परिणाम वाईट असतात. शिरोरेषा तुटते, मोडी कागदावरचे बारीक फराटे मधूनच गायब होतात, विणलेल्या कापडावर नसलेल्या लहरी उमटतात. ‘रिसाइझ’ आजूबाजूच्या सगळ्या ठिपक्यांचा तोलून मेळ घालतं, आणि त्याला वेळ लागतो. ‘थंबनेल’ने मधला मार्ग काढलाय. चित्र फारच मोठं असेल तर हव्या आकाराच्या साधारण पाचपटीपर्यंत ते उचलून-टाकून आणायचं, आणि तिथून पुढे नीट मेळ घालायचा. फोटोंमध्ये डोळ्याला फरक कळत नाही. अगदी बारीक अक्षरांच्या पानांना मी तरीही ‘रिसाइझ’च वापरतो. संगणक जास्त वेळ घेतो, घेऊ दे.

जेपेग फाइलींना आणखी एक सोय आहे. जेपेगमध्ये चित्र ८×८च्या तुकड्यांत साठवलेलं असतं, त्यामुळे ते उघडतानाच निम्म्या, पाव किंवा एक-अष्टमांश आकारात उघडता येतं. मूळ फाइलच्या नावाआधी जेपेगच्या आकाराची ‘डिफाइन’ सूचना द्या, हव्या आकाराच्या दुप्पट. ग्रंथालयातल्या जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर याने काम कितीतरी हलकं होतं. लिबव्हिप्स या चित्रं हाताळणाऱ्या दुसऱ्या साधनासोबत येणारी ‘व्हिप्सथंबनेल’ ही कमांड हे न सांगताच करते. फाइली हजारोंनी असतील तर ती जरूर वापरून बघा.

आता फोटोसोबत लपून येणाऱ्या माहितीविषयी. फोनने काढलेल्या फोटोत तारीख, कॅमेरा आणि बऱ्याचदा ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही असतात. कुणाच्या घरातल्या पोथीचा फोटो तुम्ही काढलात, तर त्या घराचा पत्ताच सोबत चालला. शिवाय काही फाइलींत कॅमेऱ्याने स्वतः केलेलं एक छोटं चित्र आधीच असतं. फोटो कापला तरी ते छोटं चित्र कधीकधी जुनंच राहतं, आणि कापून टाकलेला भाग तिथे सहज दिसतो. ‘थंबनेल’ ही माहिती काढून टाकतं, रंगांची प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची नोंद, तेवढी ठेवतं. ‘स्ट्रिप’ प्रोफाइलसकट सगळं काढतं, त्यामुळे काही नव्या फोनचे फोटो फिके पडतात. म्हणून इथे ‘थंबनेल’च बरं.

पण या माहितीतच फोटो उभा की आडवा हेही लिहिलेलं असतं. ती पुसली की उभे फोटो आडवे पडतात. त्यावर उपाय ‘ऑटो-ओरिएंट’, तोही ‘थंबनेल’च्या आधी लिहायचा. कमांडमधले पर्याय लिहिले त्याच क्रमाने चालतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता. पूर्ण फोल्डरला एकदम लागू होणारी कमांड ‘मॉग्रिफाय’. ती मूळ फाइलच बदलते. विचारत नाही, जुनी प्रत ठेवत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या अंकाचं पान पुन्हा स्कॅन करायला ते पान तेव्हा शाबूत असेलच असं नाही. म्हणून आधी वेगळा फोल्डर तयार करा, मॉग्रिफाय तो स्वतः तयार करत नाही, आणि ‘पाथ’ पर्यायाने त्याचं नाव द्या. मी तर म्हणतो, मूळ स्कॅनच्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगीच काढून ठेवा.

दुसरा धोका दिसतही नाही. आकारापुढे ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह लावलं की अर्थ होतो ‘चित्र याहून मोठं असेल तरच लहान कर’. फार उपयोगी आहे, लहान चित्रं उगाच फुगत नाहीत. पण टर्मिनलला हेच चिन्ह ‘पुढच्या फाइलमध्ये लिही’ असं वाटतं. अवतरणचिन्हं विसरलात आणि पुढे मूळ फोटोचं नाव असलं, तर इमेजमॅजिक सुरू होण्याआधीच तो फोटो शून्य बाइटचा झालेला असतो. आकार कायम अवतरणचिन्हांत लिहा, गरज असो वा नसो.

चौकोनी थंबनेल हवी असेल तर आकारापुढे टोपीचं चिन्ह (^), मग ‘ग्रॅव्हिटी’ (चित्राची कोणती बाजू धरायची) आणि ‘एक्स्टेंट’ (किती आकारात कापायचं). चौकट पूर्ण भरते, बाहेरचं कापलं जातं. समूहफोटोला हे करू नका. टोकाला उभी असलेली माणसं जातात, आणि वाचक नेमका आपल्या आजोबांनाच शोधत असतो. वर्तमानपत्राचं मात्र उलट. पूर्ण पान ३००मध्ये बसवलं तर राखाडी डाग दिसतो, म्हणून ‘ग्रॅव्हिटी’ उत्तरेकडे, म्हणजे वरच्या बाजूला, ठेवून वरचा भाग घ्या. अंकाचं नाव आणि मोठा मथळा दिसला की माणूस अंक ओळखतो.

एक राहिलं. अनेक पानांची टिफ किंवा पीडीएफ असेल तर फाइलच्या नावाला लागून चौकोनी कंसात शून्य लिहा, फक्त पहिलं पान घेतलं जाईल. नाही लिहिलं तर सगळी पानं उघडतात, आणि दोनशे पानांच्या अंकाच्या दोनशे थंबनेल तयार होतात. पीडीएफसाठी ती वाचणारा घोस्टस्क्रिप्ट हा वेगळा प्रोग्रामही लागतो. इमेजमॅजिकने परवानगी नाकारली तर ‘पॉलिसी’ नावाच्या फाइलमध्ये पीडीएफ बंद ठेवलं असेल. ते सुरक्षेसाठी आहे. अनोळखी फाइली येणाऱ्या सर्व्हरवर ते बंदच असू द्या. आपण स्वतः केलेल्या स्कॅनसाठी वेगळ्या संगणकावर चालू करता येतं. आता तुमचे फोल्डर उघडा, आधी दहा फाइलींची एक प्रत काढा, आणि त्या प्रतीवरच ही ओळ चालवून बघू.