डिंक गेला, लाकूड शाबूत

(खानापूर. मलप्रभेच्या काठावरचा सुतारखाना. पाऊस नुकताच ओसरलाय.)

मेस्त्रींनी कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी, लाकडी घोड्यांवर उलटी घातली आहे. बोटाच्या पेरानं ते कडेकडेनं ठोकत जातात. आवाज ऐका. टण्ण. टण्ण. टण्ण. आणि इथं, बद्द. सांधा सुटलाय तो इथं.

आत सागाच्या बरगड्या, वर पातळ प्लायवूड. अशी होडी कुणाला दाखवली की एकच सल्ला मिळतो, मोडीत घाला, फायबरची घ्या. आम्हाला तो पटत नाही. पटाशीचं टोक पाहा, बरगडीत टोचलं तरी आत शिरत नाही. लाकूड कुठंच कुजलेलं नाही. गेलाय तो फक्त डिंक.

(फटीत सरकणारं पातं, जवळून.)

पात्याबरोबर हे पिवळट, काचेसारखे कण गळतात. हा जुना युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून तो ठिसूळ होतो. आणि कणकुंबीपासून खानापूरपर्यंतच्या पट्ट्यात पावसाळाभर भिंतींनासुद्धा ओल असते. ओलीनं लाकूड फुगतं, पण रेषांच्या आडवं. लांबीत जवळजवळ नाहीच. एप्रिलच्या उन्हात ते परत आक्रसतं. बरगडी एका अंगानं ओढते, प्लायवूड दुसऱ्या, आणि मधला ठिसूळ डिंक तडकतो. भर पाण्यात असा सांधा उघडला तर होडी भरते.

फटीत वरून नवा डिंक ओतला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तो सांधा टिकत नाही. नव्या डिंकाला कोरडं, उघडं लाकूड लागतं; जुन्या थरावर तो धरत नाही. म्हणून हे खरवडणं. पॉलिशपेपर फार फिरवला तर दोन तुकड्यांचा मेळ बिघडतो, त्यामुळं मेस्त्री धारेच्या पात्यानंच काम करतात. या कामाला घाई चालत नाही आणि बिलात ते दिसतही नाही. पण सांध्याचं सगळं आयुष्य या खरवडण्यावर आहे, म्हणून आम्ही कॅमेरा इथं जास्त वेळ ठेवला.

सागाला अंगचं तेल असतं. ॲसिटोनचं फडकं फिरवायचं आणि तेल परत वर यायच्या आत चिकटवायचं. त्याआधी एकदा सगळं कोरडंच जुळवून, आवळून बघायचं.

(वजनकाटा. दोन डबे, एक इपॉक्सीचा, म्हणजे नव्या डिंकाचा, दुसरा तो घट्ट करणाऱ्या हार्डनरचा.)

मदतीचा पोरगा कन्नडमधनं विचारतो, मेस्त्री मराठीतनं सांगतात. काम कुठं अडत नाही.

"अंदाजानं घालू नको रे. काटा बघ. हार्डनर जास्त घातलं म्हणून लवकर सुकत नाही, कच्चंच राहतंय ते."

आधी पातळ इपॉक्सी ब्रशनं दोन्ही अंगांना, म्हणजे लाकूड पिऊन घेतं. मग त्यातच सिलिकाची पूड कालवून घट्ट केलेलं. फट भरते ती यानं.

वळणावर लोखंडी शिकंजा बसत नाही. तिथं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, ताणून गुंडाळलेल्या. खाली प्लास्टिकचा कागद, नाहीतर रबरही होडीला चिकटून बसेल. दाब किती? कडेनं बारीक थेंब दिसतील इतकाच. इपॉक्सीला सरसासारखं करकचून आवळायचं नसतं. आवळलं की ते सगळं बाहेर येतं आणि सांध्यात काही उरत नाही.

(पट्ट्या सोडताना.)

दुसऱ्या दिवशी पट्ट्या निघतात, पण पूर्ण ताकद यायला आठवडाभर जातो. वर मेणचट थर येतो, तो साध्या पाण्यानं घासून धुवायचा, मग पॉलिशपेपर, मग वार्निश. वार्निश उन्हापासून राखणारंच हवं. ऊन इपॉक्सीला खातं.

होडी ठेवायची कशी, तेही मेस्त्री दाखवतात. भिंतीला टेकवून उभी नको. जमिनीपासून वर, दोन रुंद पट्ट्यांवर आडवी, सावलीत. आणि झाकणं उघडी, आतली ओल निघून जायला.