गाळा तुमचा, ब्रँड त्यांचा: करार संपल्यावर चावी कोणाकडे?

नमस्कार मंडळी. हॉटेलच्या फ्रँचायझीवर बोललो तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय. "दादा, गाळा माझ्या मालकीचा, मग कंपनी माझ्याकडूनच भाडेपट्टा का मागते?"

आधी प्राथमिक गोष्टी पटकन. फ्रँचायझी करार म्हणजे कंपनीचा ब्रँड वापरायची परवानगी आणि त्याबदल्यात द्यायची रॉयल्टी, भाडेपट्टा म्हणजे जागा. कंपनी गाळा तुमच्याकडून भाड्यानं घेते आणि तुम्हालाच चालवायला देते. एक वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, हे तुम्हाला माहीत आहेच.

घोळ पुढे आहे. हे दोन करार एकाच दिवशी संपतात का?

पुण्यातले एक काका फाइल घेऊन आले होते. फ्रँचायझी 5 वर्षांची, भाडेपट्टा 9 वर्षांचा. रॉयल्टीवरून वाजलं, कंपनीनं फ्रँचायझी रद्द केली, भाडेपट्टा मात्र चालूच. परिशिष्टात बारीक अक्षरात एक ओळ होती, चालक बदलण्याचा अधिकार कंपनीचा. म्हणजे काकांच्या गाळ्यात, काकांनी पैसे घालून बसवलेल्या एक्झॉस्टखाली, दुसराच माणूस पिझ्झा भाजणार. घर गहाण टाकून धंदा उभा करणाऱ्याला सही करताना ही ओळ कोणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही, याची मला खरंच चीड येते.

हेच दुसऱ्या बाजूनं बघा. "करार संपल्यावर इथे दुसरं हॉटेल काढायचं नाही" अशी अट असते. करार चालू असताना असं बंधन चालतं. संपल्यानंतर मात्र 1872च्या करार कायद्याचं कलम 27 आडवं येतं, धंद्यावरची अशी बंदी सहसा टिकत नाही. पण भाडेपट्ट्याची 4 वर्षं उरली असतील तर कंपनीला त्या अटीची गरजच काय? जागेचा ताबाच तिच्याकडे!

आणि तिसरी बाजू. एकानं लिहिलंय, "आमच्या करारात लवाद आहे, काळजी नाही." लवाद म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडून निवाडा. अहो, पण कोणत्या करारात, फ्रँचायझीच्या की भाडेपट्ट्याच्या? सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली विद्या ड्रोलिया खटल्यात सांगितलं की मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालचा भाडेवाद लवादाकडे जाऊ शकतो, पण भाडे नियंत्रण कायद्यानं ठरावीक कोर्टाकडे सोपवलेला वाद जात नाही. आपल्या महाराष्ट्रात 1 कोटी किंवा जास्त पेड-अप भांडवलाची (म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या भांडवलाची) कंपनी भाडेकरू असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण तिला नाही, म्हणून तिचा भाडेवाद लवादाकडे जाऊ शकतो. ब्रँडची कंपनी त्याहून लहान असेल तर मुदत संपली तरी ती भाडेकरू म्हणून अडून बसू शकते. म्हणून सहीआधी कंपनीचं भांडवल तपासा, आणि लहान असेल तर भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त वापराच्या परवानगीचा, आग्रह धरा.

तेव्हा मागायचं ते हे: फ्रँचायझी कोणत्याही कारणानं संपली, की जागेचा करारही त्याच दिवशी संपेल आणि रिकामा ताबा मालकाला मिळेल. हे दोन्ही करारांत लिहून घ्या. फक्त एकात नको.

"कुलूप तोडून आत जाऊ का?" असं विचारणाऱ्यांनो, कृपा करून नको. ताब्यात असलेल्याला कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली तो 6 महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. तिथे तुमची मालकी बघितलीच जात नाही.

वाद झालाच तर मध्यस्थीपासून सुरुवात करा. फ्रँचायझीचे वाद आणि निव्वळ धंद्यासाठी वापरलेल्या जागेचे वाद, दोन्ही 2015च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या यादीत आहेत. 3 लाखांवरचा असा दावा लावायचा आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीचीच आहे. काकांचंही टेबलावरच मिटलं. थकलेली रॉयल्टी हप्त्यांनी द्यायची, ओव्हन कंपनीनं उचलायचा, भाडेपट्टा सोडायचा.

फक्त तिथे थांबू नका. नोंदवलेला भाडेपट्टा सोडल्याचा दस्तही नोंदवून घ्या, आणि त्याची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) हातात आल्याशिवाय नव्या भाडेकरूकडून डिपॉझिट घेऊ नका.