मानेची जखम : लगेच शस्त्रक्रिया की आधी तपासणी?

[दृश्य : हर्णै बंदर. होड्यांतून उतरणारी मासळी.]

रात्री दिवा लावून मासेमारी करणाऱ्यांना टोळ मासा चांगला ठाऊक असतो. सुईसारखी लांब चोच, आणि उजेड दिसला की पाण्याबाहेर उसळी. ही चोच माणसाच्या मानेत घुसल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. कोकणात मानेवर बेतणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत : निसटलेला कोयता, ग्रासकटरने उडवलेला तारेचा तुकडा, शिकारीच्या बंदुकीचे छरे.

भोक बाहेरून बटणाएवढं असतं. घरचे म्हणतात, "टाका घाला आणि सोडा."

[दृश्य : ग्रामीण रुग्णालय, अपघात विभाग.]

मानेच्या त्वचेखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ स्नायू असतो. तो भेदला गेला नसेल, तर जखम साफ करून टाके पुरतात. भेदला गेला असेल, तर पलीकडे मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी, मोठी शीर, श्वासनलिका, अन्ननलिका, सगळं दाटीवाटीनं बसलेलं. म्हणून जखमेत सळई घालून खोली मोजत नाहीत. थांबलेलं रक्त पुन्हा उसळू शकतं. रुतलेली वस्तूही तिथे उपसायची नाही.

"काका, नाव काय तुमचं? गाव कुठलं?" डॉक्टर विचारतात ते आवाज ऐकण्यासाठी. घोगरा झालाय का? थुंकीत रक्त आहे? आवंढा गिळताना दुखतंय? त्वचेवर बोट दाबलं की खाली करकर लागते का? लागली, तर हवा बाहेर झिरपते आहे.

या खुणा असल्या आणि माणूस स्थिर असला, तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, करायला वेळ असतो. पण रक्ताची धार थांबत नाही, रक्त साचून झालेली गाठ डोळ्यांदेखत वाढते आहे, जखमेतून हवेचे बुडबुडे येतात, श्वास घरघरतो, सलाईन देऊनही रक्तदाब सावरत नाही, तर स्कॅनची वाट पाहायची नाही. थेट ऑपरेशन टेबल.

हे आज सरळ वाटतं, पण नेहमी असं नव्हतं. 1956 साली अमेरिकेतल्या डॅलसच्या शल्यविशारदांनी नोंदलं : लगेच मान उघडली त्यांच्यात मृत्यू 6 टक्के, उशीर किंवा टाळाटाळ झाली त्यांच्यात 35. मग प्लॅटिस्मा भेदला की मान उघडायची, हाच पुढे कित्येक वर्षं रिवाज झाला. त्यात असंख्य माना उघडल्या गेल्या आणि आत काहीच निघालं नाही. नेमक्या स्कॅननं ती नाहक चिरफाड वाचवली, ही माझ्या मते मोठीच गोष्ट.

[दृश्य : घाटातून चढणारी १०८ रुग्णवाहिका.]

कोकणात मात्र रस्ता आडवा येतो. सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीला जातात, रत्नागिरीकडचे घाट चढून कोल्हापूरला. सूज वाढून घसा बंद होणार असेल, तर श्वासासाठीची नळी प्रवासाला निघण्यापूर्वीच घशात घालावी लागते. वळणावळणाच्या घाटात ती बसवणं फार अवघड. रक्त दाबूनही थांबत नसेल, तर लघवीसाठी वापरतात तीच फोली नळी जखमेत सरकवून तिचा फुगा फुगवतात. आतून दाब बसतो आणि शल्यविशारदापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो.

अन्ननलिकेचं छिद्र सर्वांत फसवं. ते सीटीतही निसटतं, आणि चोवीस तासांपेक्षा उशिरा सापडलं तर जीवावरचा धोका बराच वाढतो. शंका असेल तर रुग्णाला एक्स-रेत दिसणारं द्रव गिळायला देतात, दुर्बिणीनं आतून पाहतात. दोन्ही स्वच्छ निघेपर्यंत तोंडानं पाणीसुद्धा नाही.