त्याला विचारलं का?

नमस्कार श्रोतेहो. घरात दुसरं बाळ आलं की पहिल्याचं काय होतं, हे दोन मुलांच्या आईबापांना मी वेगळं सांगायला नको. आज बोलायचंय ते अशा दिवसांत मांडीवर घेऊन वाचायच्या चित्रपुस्तकांबद्दल. भावाबहिणींच्या पुस्तकांबद्दल.

माझं लाडकं पुस्तक आहे एझ्रा जॅक कीट्स या अमेरिकन चित्रकाराचं, १९६७ सालचं. 'पीटर्स चेअर', म्हणजे पीटरची खुर्ची. पुस्तक इंग्रजी आहे, पण मी चित्रं दाखवत मराठीतच सांगते. पीटर ठोकळ्यांची इमारत रचतो, ती धाडकन कोसळते आणि आई म्हणते, हळू रे, घरात बाळ आहे! पुढे बघतो तर त्याचा पाळणा गुलाबी रंगवलेला. त्याची बाळपणची उंच खुर्चीसुद्धा बाबा गुलाबी रंगवतायत. सगळं धाकट्या बहिणीसाठी. रंगवायची राहिलीय ती फक्त एक छोटी निळी खुर्ची. ती उचलून, कुत्र्याला घेऊन पीटर घर सोडून निघतो. जातो कुठे? घरासमोरच.

माझी थोरली तेव्हा पाच वर्षांची होती, धाकटा तीन महिन्यांचा. चार रात्री तिनं हे पुस्तक निमूट ऐकलं. पाचव्या रात्री मी पान उलटायला गेले तर तिनं पाळण्यावर हात ठेवला.

"हा कोणाचा?"

"पीटरचा. आता बाळाचा."

"पण त्याला विचारलं का?"

मी पानं मागेपुढे केली. खरंच, पीटरला कोणीच विचारलेलं नव्हतं. आणि शेजारी धाकटा झोपला होता तिच्या पिवळ्या दुपट्यात. मी ते कपाटातून काढलं, धुतलं, बाळाला गुंडाळलं. तिला विचारलं नव्हतं.

सकाळी दुपटं तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "हे तुझं. बाळाला देऊ?"

"नाही."

मग ते तिच्या उशाशी गेलं. सगळे म्हणाले, अगं, ती आता मोठी झाली. हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. पाच वर्षांचं मूल एका रात्रीत मोठं होत नाही. बाळ आलं म्हणून आपल्याला ते मोठं दिसायला लागतं, एवढंच.

आठ-दहा दिवसांनी एका रात्री ती स्वतःच दुपटं घेऊन आली आणि बाळाच्या पायांवर पसरलं. "रात्रीपुरतं," म्हणाली. सकाळी घडी घालून परत नेलं. पुढे किती तरी दिवस हेच चाललं, रात्री द्यायचं, सकाळी न्यायचं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

पुस्तकात पीटर त्या निळ्या खुर्चीत बसायला जातो आणि मावत नाही. शेवटी तोच बाबांना म्हणतो, ही आपण बाळासाठी रंगवू या. विचारावं लागतं, श्रोतेहो. आणि "नाही" म्हटलं तर ते ऐकावं लागतं.

आणखी दोन पुस्तकं सांगते. रसेल होबन यांच्या 'अ बेबी सिस्टर फॉर फ्रान्सिस'मधली फ्रान्सिस ही बिज्जू नावाच्या प्राण्याची पोर. तीही घर सोडून जाते, जेवणाच्या टेबलाखाली! शर्ली ह्यूज यांच्या 'डॉगर'मध्ये धाकट्या भावाचं हरवलेलं कापडी कुत्रं परत मिळावं म्हणून ताई नुकतंच बक्षीस मिळालेलं मोठं अस्वल देऊन टाकते. हे मात्र बाळ नवीन असताना वाचू नका. थोरल्याला वाटेल, मलाही द्यायला सांगतायत. वर्षभरानं वाचा.

वाचून झाल्यावर "मग यातून काय शिकलास?" असं कृपा करून विचारू नका. गोष्ट म्हणजे परीक्षा नव्हे. आणि मोबाइलवर गोष्ट लावून देणं म्हणजे वाचून दाखवणं नव्हे, पानावर हात ठेवून मूल तिथे कोणाला थांबवणार?

पानं थोरल्याला उलटू द्या. बाळ मांडीवर असेल तर थोरल्याला दुसऱ्या बाजूला चिकटून बसवा. पीटरच्या पुस्तकात शेवटाकडे पडद्याखाली त्याचे बूट दिसतात. आईला वाटतं, पोरगा इथेच लपलाय. त्या पानावर वाचू नका, नुसतं थांबा. बुटांवर पहिलं बोट मूलच ठेवेल.

नमस्कार.